इस्पितळांतील खाटांची मोजदाद व लोकांचा अविश्वास

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिणारे लोक मृतांची संख्या, औषधोपचार व सरकारी उपाय यांची हकीकत बहुधा देतात. परंतु त्या दिवसांत लोक कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवीत होते, कोणाच्या ठेवीत नव्हते, आणि कां ठेवीत नव्हते, इकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. वास्तविक साथींत औषधाच्या खालोखाल कोणत्या वस्तूची गरज असेल तर ती खरी बातमी होय. रोग्यास घरांतून हलवावें कीं हलवूं नये, हलवावयाचें तर केव्हां आणि कोठें न्यावें, हे सर्व निर्णय माणूस ऐकलेल्या अगर वाचलेल्या बातमीवरून करितो. बातमी खोटी असते असें त्याच्या मनानें एकदां घेतलें, म्हणजे पुढें येणारी खरी बातमीहि त्याच्या उपयोगी पडत नाहीं.

या विषयाकडे आम्ही वळण्याचें कारण २०२० व २०२१ या सालांतील कोविडची साथ. त्या साथींत मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, एक चमत्कारिक गोष्ट पाहावयास मिळाली. कांहीं लोक म्हणत, खाटा शिल्लक आहेत असें छापतात तें खोटें. रात्रभर फिरलों, एक खाट मिळाली नाहीं. दुसरे म्हणत, इस्पितळें भरलीं असें छापतात तें खोटें. आंत सगळें रिकामें आहे, भीति घालून पैसे उकळण्याचा हा उद्योग आहे. दोन्ही पक्षांचा राग वर्तमानपत्रांवर व दूरचित्रवाणीवर, किंबहुना कित्येकदां एकाच बातमीवर. हे दोन परस्परविरुद्ध अविश्वास एकाच शहरांत एकाच वेळीं कसे नांदले, हें समजण्यास सव्वाशें वर्षें मागें गेलें पाहिजे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवीच्या दाट वस्तींत डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. त्या काळचीं मराठी पत्रें या रोगास ग्रंथिक सन्निपात म्हणत. ६ ऑक्टोबर रोजीं म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं जाहीरनामा काढला व रोग्यास त्याच्या आणि त्याच्या आप्तांच्या मर्जीविरुद्धहि इस्पितळांत नेण्याचा अधिकार आपणांकडे घेतला. नेण्याचें ठिकाण म्हणजे आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांचें इस्पितळ. तेंच आज कस्तुरबा रुग्णालय या नांवानें चालू आहे.

त्या इस्पितळाविषयीं शहरांत काय काय बोललें जात होतें तें आज वाचलें म्हणजे अंगावर कांटा येतो. आंत गेलेला मनुष्य जिवंत परत येत नाहीं. डॉक्टर रोग्यास मारून त्याच्या अंगांतून 'मोमियाई' काढतात. प्रेतें फाडण्यासाठींच माणसें धरून नेतात. याच ऑक्टोबर महिन्यांत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास डांबर फांसण्यांत आलें होतें; त्याचाहि संबंध लोकांनीं या धरपकडीशीं जोडला. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें हजार गिरणीकामगार त्या इस्पितळावर चालून गेले. दुसऱ्याच दिवशीं स्नोसाहेबांनीं आपला हुकूम सौम्य केला व घरींच रोग्यास वेगळें ठेवण्याची सोय असल्यास त्यास नेण्यांत येणार नाहीं असें जाहीर केलें. त्यांना भीति दंग्याची होतीच, पण त्याहून मोठी भीति शहर साफ ठेवणारे हलालखोर पळून जातील याची होती. ते गेले असते तर मुंबईंत राहणेंच अशक्य झालें असतें.

या सर्व गोष्टी अडाणी लोकांच्या वेडगळ समजुती म्हणून सोडून देण्याची चाल आहे. आम्हांस ती पसंत नाहीं. मोमियाईची गोष्ट खोटी होती यांत शंका नाहीं. पण 'आंत गेलेला परत येत नाहीं' हें लोकांचें निरीक्षण खोटें नव्हतें. लोक रोग्यास माळ्यावर, पेटाऱ्याआड, शेजाऱ्याच्या खोलींत लपवीत. तो सांपडे तेव्हां त्याची शेवटची अवस्था आलेली असे. असा रोगी इस्पितळांत पोंचल्यावर एकदोन दिवसांतच दगावे. म्हणजे लोक इस्पितळास भितात म्हणून उशिरा जातात, उशिरा जातात म्हणून मरतात, आणि मरतात म्हणून लोक इस्पितळास अधिक भितात, असें तें चक्र होतें. चाळींतल्या माणसानें चार गेलेले पाहिले आणि चारी मेलेले ऐकले. त्यानें दुसरें काय अनुमान काढावें? त्याच्यासमोर पुरावा होता; त्या पुराव्याचा अर्थ लावण्याचें साधन मात्र त्याला कोणी दिलें नव्हतें.

दुसऱ्या बाजूनें सरकारी आंकडेहि विश्वासास पात्र नव्हते. प्लेगनें मेला असें कळविल्यास घराची झडती, सामानाची जाळपोळ व आप्तांची रवानगी छावणींत, हें ठाऊक असल्यामुळें मृत्यूचें कारण दुसरेंच सांगण्यांत येई. परिणाम असा झाला कीं, प्लेगच्या सदराखालीं नोंदलेले मृत्यु आणि नेहमीच्या सरासरीहून अधिक झालेले मृत्यु, यांत मोठें अंतर पडलें. आणि हें अंतर त्या वेळच्या म्युनिसिपल अहवालावरूनच दिसून येतें. लोक सरकारापासून रोगी लपवीत होते, आणि मग सरकारचे आंकडे खोटे म्हणून हंसत होते. दोन्ही गोष्टी एकाच घरांत घडत.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चमध्यें ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबईची प्लेग कमिटी नेमली गेली. हा लष्करी गृहस्थ. याच्याकडून कडकपणाखेरीज दुसरें कांहीं होणार नाहीं, असें कोणासहि वाटलें असतें. कडकपणा त्यांनीं केलाहि. तथापि इस्पितळांच्या बाबतींत त्यांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. निरनिराळ्या जातींना व धर्मांच्या लोकांना आपापलीं प्लेग इस्पितळें काढण्यास त्यांनीं परवानगी व उत्तेजन दिलें. आप्तांना आंत जाऊन पाहण्याची मोकळीक ठेविली. आंत आपला स्वयंपाकी, आपला वैद्य, खाटेशेजारीं आपलें माणूस, असें झाल्यावर लोक तेथें जाऊं लागले. औषध पूर्वीचेंच होतें. म्हणजे प्लेगवर त्या काळीं जवळजवळ कांहींच नव्हतें. मृत्यूचें प्रमाणहि कांहीं जादूनें खालीं आलें नाहीं. बदल एवढाच झाला कीं, आंत काय चालतें हें बाहेरच्यास स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. जेथें हें झालें नाहीं तेथें जुना संशय कायम राहिला. ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांत एका आजारी मुलीवरून विणकरांचा जो दंगा उसळला तो याच संशयाचा.

पुण्यांतील हकीकत वाचकांस परिचित आहे, म्हणून विस्तार करीत नाहीं. लोकमान्य टिळकांनीं पुण्यांत हिंदूंसाठीं प्लेगचें इस्पितळ चालविण्यांत पुढाकार घेतला, 'केसरी'ने गोऱ्या सोजिरांच्या झडत्यांवर कोरडे ओढले, आणि गांव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाहि सोडलें नाहीं. इस्पितळाच्या बाजूनें आणि जुलमाच्या विरुद्ध, अशा दोन्ही गोष्टी एकच पत्र लिहूं शकतें, याचें हें चांगलें उदाहरण आहे. २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबांवर गोळी झाडण्यांत आली. सप्टेंबरांत टिळकांस राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आणि १८९८ सालीं वर्तमानपत्रांस आवळणारीं कलमें दंडसंहितेंत अधिक कडक करण्यांत आलीं. साथ आली कीं सरकारचें लक्ष रोगजंतूंकडून बातमीकडे वळतें, हें तेव्हांपासून ठरून गेलें.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. जून महिन्यांत मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपायांपासून त्याची सुरुवात दिसून आली, आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं शहरांत ७६८ माणसें मेलीं. प्लेगच्या मानानें हा संहार फार मोठा. पण इस्पितळांवर दगड पडले नाहींत, मोमियाईच्या गोष्टी पसरल्या नाहींत. आमच्या मतें याचें कारण असें कीं, त्या खेपेस सरकारनें कोणास जबरीनें नेलें नाहीं व इस्पितळांत जागा देण्याचें वचनहि दिलें नाहीं. मदतीचें पुष्कळसें काम खाजगी मंडळ्यांनींच केलें. जेथें कबूलच कांहीं केलेलें नव्हतें, तेथें तें पाळलें नाहीं असें म्हणावयास जागा राहिली नाहीं. ही सरकारची स्तुति नव्हे, हें सांगावयास नको.

आतां उपनगरांकडे वळूं. प्लेगच्या दिवसांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं साष्टीतील गांवें ठाणें जिल्ह्यांत होतीं. मुंबई सोडून पळणारे लोक आगगाडीनें याच वाटेनें बाहेर पडले. त्या काळीं उपनगर म्हणजे रोगापासून दूर, मोकळी हवा. १९२० सालीं उपनगरांचा वेगळा जिल्हा झाला; १९५० व १९५७ सालीं शहराची हद्द वाढून पश्चिमेस दहिसरपर्यंत व पूर्वेस मुलुंडपर्यंतचा मुलूख महापालिकेखालीं आला. २०११ च्या शिरगणतींत उपनगर जिल्ह्याची वस्ती ९३,५६,९६२ आणि शहर जिल्ह्याची ३०,८५,४११ भरली. म्हणजे दर चार मुंबईकरांपैकीं तीन उपनगरवासी झाले. इस्पितळें मात्र माणसांच्या मागोमाग आलीं नाहींत. जे. जे. हें १८४५ चें, के. ई. एम. हें १९२६ चें. नायर आणि शीव येथील टिळक रुग्णालय हींहि जुन्या शहराच्या हद्दींतच. उपनगरांत विलेपार्ल्याचें कूपर, घाटकोपरचें राजावाडी, जोगेश्वरीचें ट्रॉमा, कांदिवलीचें शताब्दी अशीं रुग्णालयें होतीं खरीं. पण बोरिवलीचें भगवती आणि मुलुंडचें अगरवाल या दोहोंच्या पुनर्बांधणीचें काम साथीच्या आधींपासून रेंगाळत पडलें होतें. मरोळचें सेव्हन हिल्स ही भव्य इमारत कर्जाच्या भानगडींत बंद पडली होती. महापालिकेनें साथींत ती ताब्यांत घेतली तेव्हां कोठें अंधेरीकरांना मोठें इस्पितळ मिळालें.

एरवीं ही उणीव जाणवत नसे, कारण लोकल गाडी होती. मुलुंडचा रोगी तासाभरांत परळला पोंचे. २२ मार्च २०२० च्या रात्रीं लोकल बंद झाली. १५ जूनला ती पुन्हां सुरू झाली तीहि अत्यावश्यक सेवेंतील लोकांपुरती. त्या जवळजवळ तीन महिन्यांत 'मुंबईत इतक्या खाटा शिल्लक' या वाक्याचा उपनगरांतील अर्थच बदलला. वरळीची रिकामी खाट ही बोरिवलीच्या माणसास जवळजवळ परगांवची खाट झाली. तेथें जावयास रुग्णवाहिका पाहिजे, आणि रुग्णवाहिकेची वाट पाहण्यांत किती तास जात हें त्या दिवसांत ज्यांच्या घरीं रोगी होता त्यांना विचारावें. वर्तमानपत्रें मात्र सबंध मुंबईची एक बेरीज छापीत राहिलीं.

तींहि प्रथम छापलींच गेलीं नाहींत, हा भाग विसरतां कामा नये. मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत मुंबईंतील विक्रेत्यांनीं वर्तमानपत्रें उचलण्याचें थांबविलें व कांहीं दिवस अंकच निघाले नाहींत. कागदावरून रोग येतो अशी समजूत पसरली होती. एप्रिलमध्यें सरकारनें घरोघर अंक टाकण्यास मनाई केली; ती इतरत्र शिथिल झाली तरी मुंबईंत व पुण्यांत कांहीं काळ टिकली. ज्या पत्रानें रोगाची बातमी सांगावयाची तें पत्रच रोगाचें वाहन ठरलें! ती जागा मोबाइलवरील निरोपांनीं भरून काढली. त्यांस संपादक नव्हता, तारीख नव्हती, आणि खोटें ठरल्यास जबाबदार धरावयास कोणी नव्हतें. बातमीदारांना दोष देण्यापूर्वीं एवढेंहि लक्षांत ठेवावें कीं, २० एप्रिल रोजीं एकट्या मुंबईंतील ५३ पत्रकारांस रोगाची बाधा झाल्याचें उघडकीस आलें. हे लोक घरीं बसून लिहीत नव्हते.

मे महिन्याच्या आरंभीं शीवच्या रुग्णालयांतील एक चलच्चित्र घरोघर पोंचलें. त्यांत रोग्यांच्या शेजारच्या खाटांवर प्रेतें पडलेलीं दिसत होतीं. जूनमध्यें कांदिवलीच्या शताब्दींतून नाहींसा झालेला एक वृद्ध रोगी बोरिवली स्थानकाजवळ मृत सांपडला. मार्च-एप्रिलमध्यें लोक इस्पितळास व विलगीकरणास भीत होते. कोणी खोकला तर खिडकी लावून घेत होते, पालिकेचा माणूस दारांत आला कीं नांव सांगत नव्हते. ही भीति अगदीं १८९६ ची. मे उजाडला आणि दोन महिन्यांत तिचें स्वरूप उलटें झालें: आतां आंत नेतील ही भीति संपून आंत घेणार नाहींत ही भीति सुरू झाली. प्लेगच्या वेळीं ज्या प्रश्नाचा कोणी विचारहि केला नव्हता तो प्रश्न, 'बेड मिळेल का?', सर्वांच्या तोंडीं झाला. खाट हा आपला शब्द त्या वर्षीं मागें पडला, हेंहि खरें.

त्या मे महिन्यांतच मुंबई पोलिसांनीं एक मनाई हुकूम काढला. खोटा अगर विपर्यस्त मजकूर पसरविण्यास त्यांत बंदी होतीच. पण सरकारी अधिकाऱ्यांविषयीं व त्यांच्या साथनिवारणाच्या कृतीविषयीं अविश्वास उत्पन्न करणारा मजकूरहि त्यांत गोंवला होता. १८९८ ची आठवण होणें साहजिक आहे. खोटें बोलणें हा गुन्हा ठरविणें समजूं शकतें. अविश्वास हा गुन्हा ठरविला तर विश्वास वाढतो कीं कमी होतो, हें सांगण्यास फार मोठें राजकारण जाणावें लागत नाहीं.

आतां खाटांच्या आंकड्यांचेंच पाहूं. जून २०२० च्या दुसऱ्या आठवड्यांत महापालिकेच्या माहितीप्रमाणें कोविडच्या रुग्णालयांत १०,४५० खाटा होत्या व त्यांपैकीं ९,०९८ भरलेल्या होत्या. म्हणजे तेराशेंहून अधिक रिकाम्या. त्याच वेळीं अतिदक्षता विभागांतील १,१८१ खाटांपैकीं १,१६७ भरलेल्या होत्या, रिकाम्या चौदा. व्हेंटिलेटर ५३०, त्यांपैकीं ४९७ वापरांत. आतां ज्याला साधा ताप आहे त्याच्या दृष्टीनें शहरांत तेराशें जागा आहेत. ज्याचा श्वास कोंडला आहे त्याच्या दृष्टीनें चोवीस विभागांच्या या शहरांत चौदा जागा आहेत. विभागास एकहि पुरती येत नाहीं. 'तेराशें खाटा रिकाम्या' हा मथळा खरा, 'एकहि खाट मिळेना' हा मथळाहि खरा. वाचणाऱ्यानें मात्र दोहोंपैकीं एक खोटा असलाच पाहिजे असें धरलें, आणि कोणता खोटा हें आपल्या घरच्या अनुभवावरून ठरविलें. ज्याचा भाऊ दारोदार फिरून गेला त्याला पहिला मथळा खोटा वाटला. ज्याच्या घरीं कोणी आजारी पडलें नाहीं व ज्यानें रिकामा मंडप पाहिला त्याला दुसरा.

खाट म्हणजे लोखंडी पलंग नव्हे, ही गोष्ट कोणी नीट समजावून दिलीच नाहीं. पलंग, प्राणवायूची नळी, ती नळी भरती ठेवणारी टाकी, तीन पाळ्यांत राबणाऱ्या परिचारिका, व्हेंटिलेटर चालविण्याचें ज्ञान असलेला डॉक्टर, एवढें मिळून एक खाट होते. यांतील शेवटच्या दोन वस्तु विकत आणून मांडतां येत नाहींत. शिवाय खाट ही घटकेघटकेस बदलणारी वस्तु आहे. सकाळच्या आंकड्यांत रिकामी दिसणारी खाट दुपारीं भरलेली असते; मृत रोग्याचा देह हलवून जागा स्वच्छ होईपर्यंत ती भरलीहि नसते आणि मोकळीहि नसते. आणि वर्तमानपत्र छापतें कालचा आंकडा, वाचणारा वाचतो आजचा म्हणून.

व्यवस्था सुधारली नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. २१ मे रोजीं राज्य सरकारनें खाजगी रुग्णालयांतील ऐंशीं टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखालीं घेतल्या व दर बांधून दिले: साध्या खाटेस रोज ४,०००, अतिदक्षतेंत ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. जूनमध्यें आयुक्त इक्बालसिंह चहल यांनीं एकाच १९१६ या दूरध्वनि क्रमांकावरचा भार काढून चोवीसहि विभागांत नियंत्रण कक्ष उघडले. आमच्या मतें सबंध साथींत विश्वासाच्या दृष्टीनें याहून मोलाची गोष्ट झाली नाहीं. मुलुंडच्या माणसास मुलुंडचाच माणूस उत्तर देऊं लागला. 'शहरांत खाट आहे' याऐवजीं 'अमुक ठिकाणीं तुमच्यासाठीं खाट ठेविली आहे' असें ऐकूं येऊं लागलें. गॅटेकरसाहेबांच्या जातवार इस्पितळांशीं याचें नातें दूरचें नाहीं. पण त्याच महिन्यांत पालिकेनें प्रयोगशाळांना असेंहि फर्माविलें कीं, रोग असल्याचा अहवाल रोग्यास परस्पर न देतां आधीं पालिकेस द्यावा. हेतु असा कीं, घाबरलेले लोक गरज नसतां मोठीं रुग्णालयें अडवून बसूं नयेत. हेतु वाईट नव्हता. परंतु माणसाच्या स्वतःच्या रक्तामांसाची बातमी त्याला शेवटीं कळावी, हें कोणाच्या मनास पटेल? सर्वोच्च न्यायालयासहि तें पटलें नाहीं.

आणि १६ जूनला आंकड्यांच्या पतीवर घाव पडला. पूर्वीं न नोंदलेले १,३२८ मृत्यु राज्यानें एका दिवसांत यादींत घातले. त्यांतील ८६२ मुंबईचे. आदल्याच दिवशीं विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनीं मुंबईंतील साडेनऊशें मृत्यु लपविल्याचा आरोप केला होता. मेळ घालण्याचें काम आधींपासून चालू होतें असें सरकारतर्फें सांगण्यांत आलें. तें खरेंहि असेल. मृत्यूचें कारण ठरविणाऱ्या समितीकडून कागद उशिरा येतात, रुग्णालयें कळविण्यांत दिरंगाई करितात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु चूक स्वतः होऊन सांगितली तर पत वाढते, आणि आरोपानंतर सांगितली तर तीच चूक कबुलीजबाब ठरते. त्या दिवसापासून पुष्कळांनीं पालिकेचे आंकडे वाचणेंच सोडून दिलें.

मग मोमियाई परत आली. जुलैमध्यें एक निरोप मोबाइलवरून वणव्यासारखा पसरला कीं, बोरिवलीपलीकडे गोराई-मनोरीकडे चांगल्याचांगल्या लोकांना कोविड झाल्याचें सांगून नेतात आणि त्यांचे अवयव काढून घेतात. चौकशी करणाऱ्यांना त्यांत कांहीं तथ्य आढळलें नाहीं. त्याच सुमारास दुसरी बातमी अशी कीं, प्रत्येक रोग्यामागें पालिकेला दीड लक्ष रुपये मिळतात, म्हणून धडधाकट माणसास रोगी ठरवितात. हीहि खोटी. परंतु तिला जमीन कोठें मिळाली तें पहा. खाजगी रुग्णालयांचीं लाखांचीं बिलें लोकांनीं स्वतः पाहिलीं होतीं. दर बांधल्यावरहि निरनिराळ्या सदरांखालीं रकमा वाढत होत्या व लेखापरीक्षक नेमावे लागले होते. १८९६ सालीं प्रेतें दिसत होतीं, त्यावरून मोमियाईचें तेल झालें. २०२० सालीं बिलें दिसत होतीं, त्यावरून दीड लक्ष झाले. परदेशांतहि याच वर्षीं लोक इस्पितळांच्या बाहेरचीं रिकामीं वाहनतळें चित्रित करून 'पहा, आंत कोणी नाहीं' असें म्हणत फिरले. भेटीस येणाऱ्यांस बंदी आणि साध्या शस्त्रक्रिया पुढें ढकललेल्या, मग वाहनें असणार कोणाचीं? पण दार बंद असलें म्हणजे माणूस अंगणावरूनच घराचा अंदाज करितो.

मोठ्या मंडपांतील जंबो केंद्रांनीं हा घोटाळा आणखी वाढविला. ७ जुलै २०२० रोजीं मुलुंड, दहिसर, वांद्रें-कुर्लें संकुल व महालक्ष्मी येथील मिळून ३,५२० खाटांचें लोकार्पण झालें. तोंवर पहिली लाट ओसरूं लागली होती, त्यामुळें पांढऱ्या चादरी घातलेल्या रिकाम्या खाटांच्या लांबच लांब रांगा सर्वांनीं चित्रांत पाहिल्या. साथीसाठीं राखीव जागा रिकामी असणें हें सुचिन्ह. पण ज्याचा माणूस पंधरा दिवसांपूर्वीं खाटेवांचून गेला त्याला त्या रांगा पाहून काय वाटलें असेल?

एप्रिल २०२१ मध्यें त्याच खाटा कामास आल्या. ४ एप्रिल रोजीं मुंबईंत एका दिवसांत ११,१६३ नवे रोगी निघाले. पुढें प्राणवायु संपत आल्यामुळें सहा रुग्णालयांतील १६८ रोगी एका रात्रींत जंबो केंद्रांत हलवावे लागले, आणि ते सुखरूप पोंचले. ५ मे रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या प्राणवायु-व्यवस्थेची प्रशंसा केली. ती योग्यच होती. तथापि २५ मार्चच्या रात्रीं भांडुपला एका मॉलच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या रुग्णालयास आग लागून रोगी दगावले होते, हें मुलुंड-भांडुपचे लोक विसरले नव्हते. साथीच्या निकडीमुळें त्या जागेस सशर्त परवानगी मिळालेली होती. तेथील खाटाहि शहराच्या बेरजेंत धरलेल्याच होत्या.

साथ गेली, मंडप उतरविले गेले. २०२३ सालीं अंमलबजावणी संचालनालयानें जंबो केंद्रांच्या कंत्राटांची चौकशी चालविली. दहिसर व वरळी येथील केंद्रांसाठीं डॉक्टर व इतर कर्मचारी पुरविण्याचा ठेका घेणाऱ्यांवर असा आरोप ठेवण्यांत आला कीं, प्रत्यक्ष कामावर माणसें कमी असतांना हजेरीच्या कागदावर तीं अधिक दाखविलीं. आरोप सिद्ध करणें न करणें हें न्यायालयाचें काम आहे, त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु हें वाचल्यावर त्या दोन वर्षांतील अंक आम्हीं पुन्हां काढून पाहिले. रोज छापल्या जाणाऱ्या कोष्टकांत एकूण खाटा, प्राणवायूच्या खाटा, अतिदक्षता, व्हेंटिलेटर, भरलेल्या, रिकाम्या, इतके रकाने आहेत. डॉक्टर किती आणि परिचारिका किती, हा रकाना आमच्या पाहण्यांत कोठें आला नाहीं. आणि तो कां नाहीं असें विचारणारें एखादें वाचकाचें पत्रहि त्या अंकांत आम्हांस आढळलें नाहीं.